मृगातला काक्षी तारा तांबडा का, आणि तरीही इतका तेजस्वी कसा?

सीताबर्डीवरच्या कुठल्याही विजेच्या दुकानात एलईडी बल्बचं खोकं हातात घेऊन बघा. वॅटच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो : ३००० के, ४००० के, ६५०० के. पिवळसर उजेड हवा असेल तर दुकानदार ३००० चा दिवा काढून देतो, पांढराशुभ्र आणि किंचित निळसर हवा असेल तर ६५०० चा. हा ‘के’ म्हणजे केल्विन, तापमानाचं एकक. सेल्सियसच्या आकड्यात २७३ मिळवले की केल्विन होतात. एलईडी स्वतः काही एवढा तापत नाही. एखादी वस्तू तेवढ्या केल्विनपर्यंत तापवली तर ती ज्या रंगानं चमकेल, त्या रंगाचा हा उजेड, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांना लावतात ते माप हेच. फरक इतकाच की तारे खरोखर तेवढे तापलेले असतात. आपल्या सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान ५७७२ केल्विन, म्हणजे खोक्यावरच्या भाषेत ४००० आणि ६५०० यांच्या मधलं, पण ६५०० कडे झुकलेलं. डोळ्यांना गार वाटणारा निळसर रंग आकाशात सर्वांत जास्त तापलेल्या ताऱ्यांचा असतो आणि उबदार वाटणारा तांबूस रंग सर्वांत थंड ताऱ्यांचा. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं, पण कारण साधं आहे.

तापलेली प्रत्येक वस्तू प्रकाश बाहेर टाकत असते. मे महिन्यात नागपुरातल्या पश्चिमेकडच्या भिंतीजवळून रात्री नऊ वाजता गेलं तरी धग लागते. ती भिंत ३२० केल्विनच्या आसपास असते. तिचा प्रकाश अवरक्त असतो, म्हणून त्वचेला कळतो पण डोळ्यांना दिसत नाही. जुन्या पिवळ्या बल्बमधली तार २७०० केल्विनपर्यंत तापते, तेव्हा प्रकाशाचा थोडा भाग डोळ्यांना दिसेल एवढ्या लहान तरंगलांबीवर येतो. व्होल्टेज उतरलं की तोच बल्ब तांबूस आणि मलूल होतो. तापमान जितकं जास्त, तितकी प्रकाशाची मुख्य तरंगलांबी लहान, म्हणजे तांबड्याकडून निळ्याकडे सरकलेली. हा नियम जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म वीन यांनी १८९३ मध्ये मांडला. सूर्याच्या प्रकाशाचं शिखर ५०० नॅनोमीटरच्या आसपास येतं. मृग नक्षत्रातला काक्षी साधारण ३६०० केल्विनचा, त्यामुळे त्याचं शिखर ८०० नॅनोमीटरच्या आसपास, अवरक्तात पडतं. त्याच नक्षत्रातला राजन्य १२,००० केल्विनचा, त्याचं शिखर थेट अतिनील भागात.

इथे एक प्रश्न हमखास विचारला जातो. सूर्याचं शिखर जर हिरव्या रंगाजवळ येतं, तर हिरवे तारे का दिसत नाहीत? कारण तारा एकाच रंगाचा प्रकाश देत नाही. शिखराच्या दोन्ही बाजूंना प्रकाश दूरवर पसरलेला असतो. शिखर हिरव्यात असलं तरी तांबडा आणि निळा भरपूर प्रमाणात सोबत येतात आणि आपले डोळे त्या सगळ्याचं मिश्रण पांढरं म्हणून बघतात. म्हणून ताऱ्यांच्या रंगांची ओळ तांबडा, नारिंगी, पिवळसर, पांढरा, निळसर पांढरा अशी जाते. हिरव्याला तिच्यात जागा नाही.

हे रंग नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पण फक्त ठळक ताऱ्यांचे. मंद प्रकाशात डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत आणि बाकीचे सगळे तारे पांढरे ठिपके वाटतात. क्षितिजाजवळचा ताराही रंग ठरवायला निवडू नये, कारण हवेच्या जाड थरातून येताना तो लुकलुकत वेगवेगळे रंग दाखवतो. काक्षी आणि राजन्य यांचा रंग शहरातल्या गच्चीवरूनही कळतो. त्यापलीकडचं आकाश बघायचं असेल तर पेंचकडे जायला हवं. महाराष्ट्रातला पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. आसपासच्या गावांतल्या दिव्यांचा उजेड वर न जाता जमिनीकडे पडावा म्हणून तिथे मेहनत घेतली गेली आहे. नागपूरकरांना एवढं चांगलं आकाश इतक्या जवळ मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचा पुरेसा फायदा आपण घेत नाही असं मला वाटतं.

अक्षरांची विस्कटलेली ओळ

रंगावरून तापमानाचा अंदाज येतो, पण वर्गीकरण करायचं तर याहून बारकाईनं बघावं लागतं. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला की त्याचा वर्णपट उलगडतो. त्या रंगीत पट्ट्यावर अनेक काळ्या बारीक रेषा असतात. सूर्याच्या वर्णपटातल्या अशा शेकडो रेषांची पद्धतशीर नोंद योझेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ पासून केली. ताऱ्याच्या वातावरणातले अणू ठराविक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात, त्या शोषणाच्या या खुणा. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असल्यामुळे कुठलं मूलद्रव्य तिथे आहे हे त्यावरून कळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांनी हजारो ताऱ्यांच्या वर्णपटांची छायाचित्रं जमवली. काचेच्या त्या पट्ट्या तपासण्याचं काम स्त्रिया करत. त्यांना पगार तुटपुंजा होता आणि दुर्बिणीवर बसण्याची संधी सहसा मिळत नसे. विल्यमिना फ्लेमिंग त्यांपैकी एक. त्या आधी पिकरिंग यांच्या घरी मोलकरीण होत्या. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचीसाठी त्यांनी दहा हजारांवर तारे तपासले आणि त्यांना इंग्रजी अक्षरं दिली. ज्या ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा सर्वांत ठळक तो ए, त्याहून थोड्या फिक्या तो बी, अशी ती ओळ पुढे जात होती.

पुढे ॲनी जंप कॅनन यांनी हे काम हाती घेतलं. त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे, पण वर्णपट वाचण्याचा त्यांचा वेग आणि अचूकपणा अफाट होता. हायड्रोजन बाजूला ठेवून बाकीच्या रेषा कशा हळूहळू बदलत जातात याकडे त्यांनी लक्ष दिलं, काही अक्षरं गाळली, उरलेली पुन्हा मांडली आणि ओळ अशी झाली : ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. ही ओळ तापमानाची निघाली. ओ वर्गातले तारे ३०,००० केल्विनच्या वर, बी १०,००० ते ३०,०००, ए ७५०० ते १०,०००, एफ ६००० ते ७५००, जी ५२०० ते ६०००, के ३७०० ते ५२०० आणि एम त्याखाली, २४०० पर्यंत. प्रत्येक अक्षराचे पुन्हा शून्य ते नऊ असे भाग पडतात, शून्य सर्वांत तप्त. सूर्य जी २. हेन्री ड्रेपर सूचीत, १९१८ ते १९२४ या काळात, २,२५,३०० ताऱ्यांचे वर्ग छापले गेले, ते कॅनन यांनी ठरवलेले होते. अक्षरं बदलण्याचा खटाटोप नंतर कुणी केला नाही, म्हणून आजही विद्यार्थ्यांना ही उलटसुलट अक्षरं पाठ करावी लागतात.

पण एक कोडं उरलं होतं. हायड्रोजनच्या रेषा ए वर्गात सर्वांत ठळक आहेत. त्याहून तप्त ताऱ्यांत त्या फिकट होतात आणि त्याहून थंड ताऱ्यांतही. सूर्यात तर लोह आणि कॅल्शियमच्याच रेषा जास्त उठून दिसतात. मग काही ताऱ्यांत हायड्रोजन जास्त आणि काहींत कमी असतो का? बहुतेकांना तसंच वाटत होतं.

उत्तर कोलकात्यातून आलं. ढाक्याजवळच्या एका खेड्यात, लहानशा दुकानदाराच्या घरी जन्मलेल्या मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये, वयाची तिशीही गाठलेली नसताना, एक समीकरण मांडलं. विशिष्ट तापमानाला आणि दाबाला वायूतले किती अणू आपले इलेक्ट्रॉन गमावून बसतील, म्हणजे त्यांचं आयनीभवन किती होईल, हे त्यावरून काढता येतं. आता हायड्रोजनकडे बघा. त्याच्या दृश्य प्रकाशातल्या रेषा उमटायला अणूतला इलेक्ट्रॉन दुसऱ्या पातळीवर चढलेला असावा लागतो. थंड ताऱ्यात जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन पहिल्याच पातळीवर असतात, म्हणून हायड्रोजन असूनही रेषा फिकट. फार तप्त ताऱ्यात इलेक्ट्रॉन अणू सोडूनच गेलेले असतात, म्हणून पुन्हा रेषा फिकट. दहा हजार केल्विनच्या आसपास दुसऱ्या पातळीवरचे इलेक्ट्रॉन सर्वांत जास्त असतात आणि नेमका तिथेच ए वर्ग आहे. वर्णपटांत दिसणारा फरक मुख्यतः तापमानाचा होता. घटकद्रव्यांचा नव्हता.

माझ्या मते खगोलशास्त्रातल्या सर्वांत देखण्या उलगड्यांपैकी हा एक आहे, आणि तो आपल्या देशात झाला हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवं. साहांच्या समीकरणाचा हात धरून हार्वर्डमध्येच सिसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात हिशेब केला, तेव्हा तारे प्रामुख्यानं हायड्रोजन आणि हेलियमचे बनलेले आहेत असं निघालं. त्या काळी ताऱ्यांची घडण साधारण पृथ्वीसारखीच मानली जात होती. हेन्री नॉरिस रसेल या मातब्बर शास्त्रज्ञानं त्यांना हा निष्कर्ष अशक्य असल्याचं सांगितलं आणि पेन यांना आपल्याच प्रबंधात तो आकडा बहुधा खरा नसावा असं लिहावं लागलं. १९२९ मध्ये वेगळ्या वाटेनं रसेलही त्याच निष्कर्षाला पोचले.

तेज मोजायचं तर आधी अंतर

आता दुसरं माप. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कस यानं ताऱ्यांची सूची केली. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, ही पद्धत त्याच परंपरेतून आली. आकडा लहान तितका तारा ठळक. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी या प्रतींना गणिताची शिस्त लावली : पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर शंभरपट फरक, एका प्रतीचा सुमारे अडीचपट. हेच पॉगसन १८६१ मध्ये मद्रासच्या वेधशाळेत आले आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले.

या हिशेबानं व्याध उणे १.४६ प्रतीचा, रात्रीच्या आकाशातला सर्वांत ठळक तारा. राजन्य ०.१३ प्रतीचा. म्हणजे व्याध राजन्यापेक्षा चौपटीहून अधिक तेजस्वी दिसतो. पण दिसतो, एवढंच. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर, शंभरपट लांब. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, शंभरपट झालं की दहा हजारांश. तेव्हा अंतर ठाऊक असल्याशिवाय ताऱ्याच्या खऱ्या तेजाबद्दल काहीच बोलता येत नाही.

अंतर मोजण्याची युक्ती नागपूरकरांच्या रोजच्या वाटेवर उभी आहे. झिरो माइलचा स्तंभ आणि त्याजवळचा दगड भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला आहे. दोन ठिकाणांमधलं अंतर नीट मोजायचं, दोन्ही टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाकडे बघून कोन मोजायचे आणि त्रिकोण सोडवून त्या तिसऱ्या ठिकाणाचं अंतर काढायचं. १८०२ मध्ये मद्रासहून हे काम सुरू करणारे विल्यम लॅम्बटन सर्वेक्षण पुढे नेत नागपूरकडे येत असताना १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तिथेच आहे.

ताऱ्यांसाठी हीच त्रिकोणमिती लागते, फक्त पाया मोठा घ्यावा लागतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा सहा महिन्यांच्या अंतरानं आपण सुमारे तीस कोटी किलोमीटर दूरच्या दोन टोकांवर असतो. जवळचा तारा त्या दोन टोकांवरून बघताना मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. यावरून जो कोन मिळतो त्याला पराशय म्हणतात. फ्रीडरिश बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला. तो एका अंशाच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान होता, आणि त्यावरून आलेलं अंतर आजच्या ११.४ प्रकाशवर्षांच्या बरंच जवळ होतं. २०१३ मध्ये सोडलेल्या युरोपच्या गाया यानानं हेच काम शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांसाठी केलं.

अंतर कळलं की सगळे तारे एकाच अंतरावर, ३२.६ प्रकाशवर्षांवर, आणून ठेवले तर कसे दिसतील याचा हिशेब मांडता येतो. या कल्पित अंतरावरच्या प्रतीला निरपेक्ष प्रत म्हणतात. सूर्य तिथे ४.८ प्रतीचा होतो, नागपूर शहराच्या उजेडात शोधूनही सापडणार नाही इतका मंद. व्याध १.४ चा होतो, चांगला ठळक पण आकाशात उठून दिसेल असा नाही. राजन्य मात्र उणे सातच्या आसपास जातो आणि शुक्राच्या सुमारे दहापट तेजस्वी दिसतो. मृगाच्या पायाशी असलेल्या ज्या राजन्याला आपण व्याधापुढे फिका समजत होतो, तो लाखभर सूर्यांइतका प्रकाश देणारा तारा आहे.

दोन्ही मापं एकत्र

आता काक्षीकडे वळू. तापमान ३६०० केल्विन म्हणजे सूर्यापेक्षा बरंच कमी. तापलेल्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून किती ऊर्जा बाहेर पडते ते तापमानाच्या चौथ्या घातावर ठरतं. तापमान दुप्पट तर ऊर्जा सोळापट. या नियमानं काक्षीचा एक चौरस मीटर सूर्याच्या एका चौरस मीटरच्या जेमतेम पंधरा टक्के ऊर्जा देतो. आणि तरीही पूर्ण काक्षी सूर्याच्या लाखपटीच्या घरात ऊर्जा बाहेर टाकतो. हे जुळायचं असेल तर एकच मार्ग आहे : चौरस मीटर प्रचंड असले पाहिजेत. हिशेब केला तर त्याची त्रिज्या सूर्याच्या सात-आठशे पट निघते. सूर्याच्या जागी काक्षी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ, चौघांच्याही कक्षा त्याच्या पोटात जातील.

याच्या शेजारी सूर्याला सर्वांत जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी, ठेवून बघा. तोही एम वर्गाचा, तोही तांबडा, काक्षीपेक्षा थोडासाच थंड. पण त्याची एकूण ऊर्जा सूर्याच्या हजारात दोन भागही नाही. इतका जवळ असूनही दुर्बिणीशिवाय दिसत नाही. अक्षर एकच, पण ऊर्जेत काही कोटी पटींचा फरक. नुसतं तापमान बघून भागत नाही ते यामुळे.

आडव्या रेषेवर तापमान आणि उभ्या रेषेवर खरं तेज घेऊन प्रत्येक ताऱ्यासाठी एक ठिपका काढला तर काय दिसेल? डेन्मार्कचे आयनार हर्ट्झस्प्रंग यांचं शिक्षण रसायन अभियांत्रिकीचं होतं. १९०५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छायाचित्रणशास्त्राच्या नियतकालिकात छापले, त्यामुळे खगोलशास्त्रज्ञांच्या नजरेत ते फारसे आले नाहीत. १९११ मध्ये त्यांनी कृत्तिका आणि रोहिणीजवळच्या तारकागुच्छाच्या अशा आकृत्या काढल्या. रसेल यांनी स्वतंत्रपणे तशीच आकृती १९१३ मध्ये मांडली. हर्ट्झस्प्रंग-रसेल आकृती या नावानं ती आज प्रत्येक पुस्तकात असते. तिच्यात तापमान डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी असं उलटं घेतात, तेवढं लक्षात ठेवलं की ती वाचता येते.

ठिपके कागदभर विखुरलेले असतील असं वाटतं, पण तसं नसतं. सुमारे नव्वद टक्के तारे वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या एका पट्ट्यात येतात : तप्त आणि तेजस्वी तारे वर, थंड आणि मंद तारे खाली. हा मुख्य क्रम. सूर्य त्याच्या मधल्या भागात आहे. उजवीकडे वर, थंड पण तेजस्वी अशा जागी तांबड्या राक्षसी ताऱ्यांची वस्ती आहे, त्याहून वर महाराक्षसी. डावीकडे खाली, तप्त पण मंद अशा जागी श्वेत बटू.

मुख्य क्रमावर ताऱ्याची जागा ठरते ती त्याच्या वस्तुमानावरून. वस्तुमान जास्त तर गाभ्यावरचा दाब जास्त, गाभा जास्त तप्त, आणि हायड्रोजनचं हेलियममध्ये रूपांतर अफाट वेगानं. सूर्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा इंधन दहापट घेऊन जन्मतो, पण ते काही हजार पट वेगानं खर्च करतो. सूर्याचं मुख्य क्रमावरचं आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचं, त्यातली ४६० कोटी संपली. दहापट जड ताऱ्याला दोन-तीन कोटी वर्षंच मिळतात. उलट प्रॉक्झिमासारखे हलके तारे लाखो कोटी वर्षं टिकतील. विश्वाचं वयच १३८० कोटी वर्षांचं असल्यामुळे असा एकही तारा अजून म्हातारा होऊन मेलेला नाही.

यावरून वय काढता येतं. कृत्तिकांमधले तारे एकाच ढगातून, एकाच काळात जन्मले. त्यांच्या आकृतीत मुख्य क्रमाचा सर्वांत वरचा, ओ वर्गाचा भाग रिकामा आहे, कारण तिथले तारे आयुष्य संपवून गेले. बी वर्गातले अजून आहेत. कुठल्या वस्तुमानापर्यंतचे तारे संपले ते बघून या गुच्छाचं वय दहा-बारा कोटी वर्षांच्या आसपास ठरतं.

एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. आपल्याला गच्चीवरून जे तारे दिसतात तो आकाशगंगेचा प्रामाणिक नमुना नव्हे. आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे मुख्य क्रमावरचे मंद, तांबडे, एम वर्गाचे आहेत, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांतला एकही दिसत नाही. दिसतात ते राजन्यासारखे विरळा जातीचे, कारण त्यांचा प्रकाश फार दूरवर पोचतो.

बारीक रेषांचं म्हणणं

आता अडचण अशी, की पराशय अगदीच लहान असेल तर अंतर नीट कळत नाही आणि मग खरं तेजही कळत नाही. अशा वेळी तांबडा तारा राक्षसी की बटू, म्हणजे मुख्य क्रमावरचा छोटा, हे कसं ओळखायचं? उत्तर पुन्हा वर्णपटात आहे. राक्षसी ताऱ्याचं वातावरण फुगलेलं आणि विरळ असतं, त्यातले अणू एकमेकांना फारसे धडकत नाहीत, म्हणून रेषा बारीक आणि रेखीव उमटतात. मुख्य क्रमावरच्या ताऱ्यात दाब जास्त, धडका जास्त, म्हणून रेषा रुंद आणि पसरट.

हा फरक हार्वर्डच्याच अँटोनिया मॉरी यांच्या नजरेनं टिपला आणि १८९७ मध्ये आपल्या वर्गीकरणात त्यांनी त्याची वेगळी खूण ठेवली. पिकरिंग यांना ती पद्धत किचकट वाटली आणि ती बाजूला पडली. हर्ट्झस्प्रंग यांनी मात्र तिचं मोल ओळखलं. १९०८ मध्ये त्यांनी पिकरिंगना कळवलं, की हा भेद गाळणं म्हणजे देवमासा आणि मासा यांतला फरक सापडल्यावरही दोघांना एकाच गटात ठेवण्यासारखं आहे. मॉरी यांचं बरोबर होतं हे मान्य व्हायला फार वेळ गेला, याचं वाईट वाटतं.

१९४३ मध्ये अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेत विल्यम मॉर्गन, फिलिप कीनन आणि एडिथ केलमन यांनी दोन्ही मापं एकत्र बांधली. तापमानाच्या अक्षरापुढे तेजाचा रोमन आकडा आला : एक म्हणजे महाराक्षसी, दोन तेजस्वी राक्षसी, तीन राक्षसी, चार उपराक्षसी, पाच मुख्य क्रमावरचे. सूर्याचा पूर्ण वर्ग जी २, पाच. वर्णपटावरून हा आकडा कळला की खऱ्या तेजाचा अंदाज येतो, आणि दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतरही निघतं.

याच यर्क्स वेधशाळेत तेव्हा सुब्रह्मण्यन चंद्रशेखर काम करत होते, ज्यांच्या नावानं नागपुरात गांधीसागराजवळ विज्ञान केंद्र आणि तारांगण आहे त्या सी. व्ही. रमण यांचे पुतणे. चंद्रशेखर यांचं नाव आकृतीच्या खालच्या डाव्या कोपऱ्याशी जोडलेलं आहे. व्याधाला एक जोडीदार आहे, व्याध बी. त्याचं तापमान २५,००० केल्विन, व्याधाच्या अडीचपट, पण दिसायला व्याधाहून सुमारे नऊ हजार पट मंद. काक्षीसाठी लावलेला नियम इथे उलटा लावा : इतका तप्त असून इतका मंद, तर पृष्ठभाग फारच छोटा हवा. व्याध बी जेमतेम पृथ्वीएवढा आहे आणि त्यात सूर्याएवढं वस्तुमान कोंबलेलं आहे. इंधन संपलेल्या ताऱ्याचा हा उरलेला गाभा, श्वेत बटू. अशा ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जास्त असू शकत नाही हे चंद्रशेखर यांनी १९३० मध्ये इंग्लंडला जाताना बोटीवर मांडलेल्या गणितातून पुढे आलं. १९८३ च्या नोबेलमागे ताऱ्यांच्या रचनेवरचं हे काम होतं.

मे अखेरीस, रात्री दहाला

नागपूरच्या अक्षांशावर, २१ अंशांवर, राहण्याचा एक मोठा फायदा आहे : उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे तारे एकाच वेळी बघायला मिळतात. मे महिन्याच्या शेवटी, पावसाचे ढग यायच्या आधी, रात्री दहाच्या सुमारास मान वर केली की जवळजवळ बरोबर डोक्यावर नारिंगी स्वाती असतो. के वर्ग, तेजाचा आकडा तीन, ३७ प्रकाशवर्षं. सूर्यापेक्षा थंड, पण त्रिज्या सूर्याच्या पंचवीसपट. सूर्यही काही शे कोटी वर्षांनी याच वाटेनं जाणार आहे. दक्षिणेकडे नजर उतरवली की निळसर चित्रा, बी वर्गाचा, अडीचशे प्रकाशवर्षांवरचा. आग्नेयेला तांबडा ज्येष्ठा, एम वर्गाचा महाराक्षसी, काक्षीचा भाऊबंद.

आणि दक्षिण क्षितिज मोकळं असेल, झाडं-इमारती आड येत नसतील, तर क्षितिजापासून जेमतेम आठ अंशांवर मित्र, म्हणजे अल्फा सेंटॉरी. त्याचा मुख्य तारा जी २, पाच, म्हणजे नेमका सूर्याच्या वर्गातला, ४.३७ प्रकाशवर्षांवर. न दिसणारा प्रॉक्झिमा त्याच्याच कुटुंबातला. दिल्लीहून मित्र क्षितिजाच्या वर जवळजवळ येतच नाही.

हिवाळ्यासाठी एक काम सुचवतो. जानेवारीत रात्री काक्षी आणि रोहिणी दोन्ही उंचावर असतात, रोहिणी तर डोक्याजवळ. रोहिणी के वर्गाचा राक्षसी तारा, ६५ प्रकाशवर्षांवर, त्याचं तेज फारसं बदलत नाही, प्रत ०.८५ च्या आसपास. काक्षी एरवी रोहिणीपेक्षा उजळ दिसतो. पण २०१९ च्या शेवटी तो मंद होऊ लागला आणि २०२० च्या फेब्रुवारीत १.६ प्रतीपर्यंत उतरला, रोहिणीच्या जेमतेम निम्म्या प्रकाशाचा. त्याचा स्फोट होणार अशी चर्चा तेव्हा जगभर झाली. नंतरच्या निरीक्षणांतून दिसलं, की त्याच्या पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला होता आणि त्यानंच बाहेर फेकलेल्या वायूतून धूळ तयार होऊन आड आली होती. त्याचा स्फोट पुढच्या लाखभर वर्षांत कधीतरी होईल. तोवर तेज कमी-जास्त होत राहणार, आणि हे चढउतार टिपायला दुर्बीण लागत नाही. दोघं सारख्याच उंचीवर असताना बघायचं, कोण उजळ आणि साधारण किती ते वहीत तारखेसह लिहायचं, आणि रोहिणीपेक्षा काक्षी मंद दिसला तर त्या आठवड्यात रोज बघायचं.